एका रात्रीत अंथरलं जाणारं बास्केटबॉल कोर्ट: आपल्या बहुउद्देशीय हॉलमध्ये जमेल का?

चौथा_क्वार्टर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. आमच्या शहरात पालिकेचा एक बहुउद्देशीय हॉल आहे. सकाळी बॅडमिंटन, लग्नसराईत लग्नं, दिवाळीआधी प्रदर्शनं, मधूनच एखादं नाटक. जानेवारीत तिथे आमच्या क्लबची निमंत्रित संघांची बास्केटबॉल स्पर्धा आहे. गेल्या वेळी भाड्याने आणलेलं व्हिनाइल सरळ कोब्यावर पसरून सामने घेतले. दुसऱ्या दिवशी दुपारी सांध्यावरची टेप सुटली आणि मुलींच्या उपांत्य सामन्यात पॉइंट गार्ड म्हणून खेळणाऱ्या एका मुलीचा पाय त्यात अडकला. घोटा सुजला आणि अंतिम सामना तिने बाकावर बसून बघितला. मुलगी वर्षभर पहाटे साडेपाचला सरावाला येते. ती टेपच्या एका तुकड्यापायी बाहेर बसते हे मला अजून पचलेलं नाही.

म्हणून यंदा समितीत विषय काढला की जमिनीचा विचार आधी करू, ट्रॉफ्या आणि मंडप नंतर. त्यासाठी जगभर हे कसं करतात ते वाचत बसलोय. जेवढं कळलं तेवढं लिहितो, जाणकारांनी भर घालावी.

मोठ्या हॉलमधलं कोर्ट कायमचं नसतं हे अनेकांना माहीतच नसतं. टीव्हीवर दिसणारं ते चकचकीत लाकूड म्हणजे सुट्या पॅनलचं जोडकाम. पॅरिस ऑलिंपिकचंच बघा. बेर्सीच्या हॉलमध्ये ५ ऑगस्ट २०२४ ला जिम्नॅस्टिक्सच्या शेवटच्या फायनल झाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी ११ वाजता त्याच ठिकाणी जर्मनी विरुद्ध ग्रीस हा बास्केटबॉलचा उपांत्यपूर्व सामना सुरू झाला! मधल्या रात्रीत जिम्नॅस्टिक्सचे उंच मंच, बार, बीम, गाद्या सगळं बाहेर आणि संपूर्ण कोर्ट आत. त्याआधीचे साखळी सामने लील शहरात फुटबॉलच्या स्टेडियममध्ये झाले. तिथे अर्धं मैदान उचलून उरलेल्या अर्ध्यावर सरकवता येतं आणि खाली मोकळ्या झालेल्या जागेत कोर्ट मांडतात.

आता पॅनलबद्दल. साधारण ४ बाय ८ फुटांचं (काही कंपन्या ४ बाय ७ करतात). वर जवळपास २० मिलिमीटर जाडीच्या मेपलच्या अरुंद पट्ट्या, एकमेकींत टंग अँड ग्रूव्हने (एकीची जीभ दुसरीच्या खाचेत) बसवलेल्या. त्याखाली प्लायवुड, आणि तळाला रबराचे किंवा फोमचे पॅड. कडेला कुलूप म्हणा, खिट्टी म्हणा, शेजारच्या पॅनलला घट्ट धरणारी काहीतरी धातूची यंत्रणा. फिबाचं (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाचं) कोर्ट २८ बाय १५ मीटर, आणि रेषेबाहेर चारी बाजूंना २ मीटर मोकळी जागा हवीच. म्हणजे कमीत कमी ३२ बाय १९ मीटर, साधारण साडेसहा हजार चौरस फूट. एनबीएचं (अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगचं) कोर्ट ९४ बाय ५० फूट. त्याच्या कडा धरून ११२ बाय ६० फूट झाकायचे म्हटले तर ४ बाय ८ ची २१० पॅनल लागतात.

मेपलच का? हे शुगर मेपल, ज्याच्या रसापासून सिरप करतात तेच झाड. उत्तरेकडच्या थंडीत हळू वाढतं, त्यामुळे लाकूड घट्ट होतं, आणि रेषा इतक्या बारीक की बूट घासून सहसा ढलप्या निघत नाहीत. रंग फिका असल्यामुळे दिव्यांच्या उजेडात नारिंगी बॉल आणि रेषा स्पष्ट उठून दिसतात. अमेरिकेत मिशिगनच्या वरच्या भागातली अमासा, डॉलर बे ही छोटी गावं या धंद्यासाठी ओळखली जातात. मेपल फ्लोअरिंग बनवणाऱ्यांची संघटना १८९७ सालची आहे, म्हणजे बास्केटबॉलचा जन्म झाल्यावर अवघ्या सहा वर्षांनी स्थापन झालेली.

आणि बोस्टनची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९४६ साली युद्धानंतर लांब फळ्या मिळेनात, म्हणून तिथल्या सेल्टिक्स संघासाठी ओकचे आखूड तुकडे जोडून चौकटी-चौकटीचं पार्केट कोर्ट बनवलं. १९५२ मध्ये ते बोस्टन गार्डनमध्ये आलं. पाच फूट चौरसाची २४७ पॅनल, बोल्टने जोडलेली, आइस हॉकीच्या बर्फावर टाकायची आणि काढायची. १९९५ मध्ये संघ नव्या हॉलमध्ये गेला तेव्हा कोर्टही सोबत गेलं आणि डिसेंबर १९९९ पर्यंत त्यावर खेळले. कोर्टवर कुठे बॉल मेल्यासारखा उसळतो ते सेल्टिक्सवाल्यांना पाठ होतं आणि पाहुण्या संघाला ते बरोबर तिथे कोंडायचे, अशी दंतकथा आहे. दंतकथा बाजूला ठेवली तरी त्यामागचं कारण खरं आहे. पॅनल खाली नीट टेकलं नाही किंवा बोल्ट सैल झाला की त्या जागी बॉलची ताकद लाकडातच जिरते.

माझे प्रश्न असे. हॉल रोज वेगळ्या कामाला लागणार असेल तर लाकडी सुटं कोर्ट आपल्याकडे टिकेल का? विकत घ्यावं की भाड्याने? की सरळ प्लास्टिकच्या टाइल्स बऱ्या?

---

रीबाउंड

माहितीपूर्ण धागा. वाचतेय.

---

मिशिगनकर

विषय जिव्हाळ्याचा आहे. शिकत असताना मी एका हॉलच्या रात्रपाळीत कोर्ट बदलण्याचं काम केलंय. हॉलचं नाव लिहीत नाही, पण तिथे हॉकी आणि बास्केटबॉल दोन्ही चालायचं, त्यामुळे जे लिहितो ते हातांनी केलेलं आहे.

पहिली गोष्ट, बर्फ काढत नाहीत. इंच-सव्वा इंचाचा बर्फ हंगामभर तसाच असतो, खालच्या नळ्यांतून गार द्रव फिरत राहतो. हॉकीचा सामना संपला की आधी गोलमागच्या काचा उतरवायच्या. काचेला दोन हातांचे सक्शन कप लावून दोघांनी मिळून उचलायच्या, आणि त्या वेळी कोणी कोणाशी बोलत नाही. मग बर्फावर उष्णता अडवणारे जाड तक्ते टाकायचे. त्यावरून चालताना पाय गार लागला नाही म्हणजे ते नीट बसले. त्याच्यावर मग बास्केटबॉलचं लाकूड.

पॅनल गाड्यांवर रचलेली असतात आणि प्रत्येकाच्या पोटावर रांग आणि क्रमांक लिहिलेला असतो. सुरुवात मधल्या रेषेपासून. पहिली रांग दोरी लावून सरळ करायची आणि मुकादम ती मान्य करेपर्यंत दुसरी रांग उघडायची नाही, कारण पहिल्या रांगेत बोटभर तिरकेपणा राहिला तर टोकाला पोचेपर्यंत तो वाढतो आणि तीन गुणांच्या कमानीला मधेच खांदा पडतो. पॅनल आडवं सरकवायचं, कड कडेला भिडली की रबरी हातोड्याचा एक ठोका, मग खिट्टी. आमचा मुकादम सांध्यावरून नख फिरवायचा. नख अडकलं की पॅनल परत उचलायचं, मग घड्याळात कितीही वाजलेले असोत. शेवटी चाकांवरचे बास्केटचे सांगाडे ढकलत आणायचे, मागे वजनं भरायची, आणि रिंगची उंची ३.०५ मीटर आहे ना ते दोन्ही टोकांना मोजायचं. मग पुसणी. सरावलेली टोळी असेल तर सगळं दोन-तीन तासांत उरकतं. नवी पोरं असली की पहाट होते.

पण सगळ्यांत जास्त धाक असायचा तो दवाचा. बाहेर हवा उबदार आणि दमट, आत खाली बर्फ, आणि माल उतरवायचा मोठा दरवाजा तासभर उघडा राहिला की बाहेरची वाफ गार लाकडावर येऊन बसते. डोळ्याला काही दिसत नाही, बूट टाकला की मात्र सरकतो. ३० नोव्हेंबर २०१६ ला फिलाडेल्फियात सेव्हंटीसिक्सर्स विरुद्ध किंग्ज हा एनबीएचा सामना याच कारणाने झाला नाही. प्रेक्षक येऊन बसले होते, माणसं टॉवेलने पुसत होती, ओल पुन्हा पुन्हा येत होती. शेवटी पंचांनी नकार दिला आणि सामना पुढे जानेवारीत खेळवला.

युद्धनौकांवरच्या सामन्यांचंही हेच झालं. २०११ च्या ११ नोव्हेंबरला सॅन डिएगोत विमानवाहू कार्ल व्हिन्सनच्या डेकवर नॉर्थ कॅरोलायना आणि मिशिगन स्टेट या विद्यापीठांचे संघ खेळले, राष्ट्राध्यक्ष ओबामा बघायला होते, सगळं छान पार पडलं. पुढच्या वर्षी ९ नोव्हेंबरला जॅक्सनव्हिलमध्ये बटान नौकेवरचा फ्लोरिडा-जॉर्जटाऊन सामना अर्ध्यातच थांबवला. त्याच दिवशी चार्ल्सटनला यॉर्कटाऊन नौकेवर महिलांचा सामना दुपारी झाला, पण अंधार पडून हवा गार झाल्यावर पुरुषांचा होऊच शकला नाही. लाकूड उत्तम होतं, बसवलंही उत्तम होतं. संध्याकाळचं दव कोणाच्या हातात नव्हतं.

तुमच्या हॉलखाली बर्फ नाही. पण एसी आहे का?

---

चौथा_क्वार्टर

@मिशिगनकर, मनापासून धन्यवाद. नख फिरवण्याची तपासणी आमच्या स्वयंसेवकांना शिकवतोच. एसी आहे, पण तो लग्नाच्या दिवशीच लावतात. बिल क्लबच्या माथी येतं म्हणून स्पर्धेत पंख्यांवर भागवतो.

---

सुतारपक्षी

मी पुण्यात वुडन फ्लोअरिंगचीच कामं करतो. जिम, स्क्वॉश कोर्ट, नृत्याचे हॉल, दोन-तीन शाळांचे बास्केटबॉल हॉल. धंद्याचं बोलणं टाळून सरळ सांगतो.

एसीबद्दल वर विचारलंय ते अगदी मुळावर बोट आहे. मेपल फ्लोअरिंगची अमेरिकन संघटना सांगते की हॉलमधली आर्द्रता ३५ ते ५० टक्के ठेवा. आपल्याकडे घाटाच्या अलीकडे हिवाळ्यात हे जमतं. पावसाळ्यात मुंबईत किंवा कोकणात ८० टक्के ही रोजची गोष्ट आहे. लाकूड हवेतलं पाणी पितं आणि फुगतं, तेही लांबीत जवळजवळ नाही, रुंदीतच. प्रत्येक पट्टी केसभर वाढली तरी पन्नास फुटांत किती पट्ट्या आहेत बघा. कायमच्या कोर्टात भिंतीशी फट सोडलेली असते, ती हे वाढणं गिळते. सुट्या पॅनलमध्ये ती सोय सांध्यांतच असते. पॅनल फुगली की कडा एकमेकींना रेटतात आणि खिट्ट्या बसत नाहीत. मग कोणीतरी रंधा घेऊन कड तासतो. एप्रिलमध्ये लाकूड सुकलं की तिथेच फट दिसते. असं तासलेलं कोर्ट मी दुरुस्तीला घेतलेलं आहे. ते पुन्हा पहिल्यासारखं होत नाही.

तेव्हा माल आला की लगेच जोडायचा नाही. ज्या हॉलमध्ये खेळायचं त्याच हवेत, आडवा, हवा खेळेल असा ठेवून लाकडाला सवय होऊ द्यायची. मीटर लावून लाकडातली ओल ६ ते ९ टक्क्यांच्या दरम्यान आहे हे बघायचं. मीटर महाग नाही. कोणी म्हणालं "अंदाजाने कळतं" तर त्याला काम देऊ नका.

दुसरं, खालचा कोबा. सुटं कोर्ट म्हणजे जादूची चटई नव्हे, खाली खड्डा असेल तर वर तो ऐकू येतो. नियम असा की १० फुटांच्या अंतरात ३ मिलिमीटरपेक्षा जास्त चढउतार नको. पालिकेच्या हॉलमध्ये कोबा घालताना निचऱ्यासाठी उतार दिलेला असतो, मंडपवाल्यांनी खुंट्या ठोकलेल्या असतात, नाटकवाल्यांनी स्क्रू सोडलेले असतात. लांब ॲल्युमिनियमची पट्टी घेऊन दोघांनी अर्धा दिवस गुडघ्यावर बसून हॉल मोजा आणि खडूने खुणा करा. कोर्टच्या किमतीच्या मानाने लेव्हलिंगचा खर्च किरकोळ आहे, आणि त्याचा फायदा बॅडमिंटनलाही होतो.

तिसरं, साठवण. लोक इथेच मार खातात. पॅनल स्टेजखाली, जिन्याखाली, कधी तर पत्र्याच्या शेडमध्ये ठेवतात. वर्षाचे अकरा महिने ते लाकूड जिथे राहणार त्या खोलीचा विचार आधी करा.

---

कोल्हापुरी_सेंटर

सागवान का नाही वापरत? आपल्याकडे आहे, पाण्यालाही दाद देत नाही.

---

सुतारपक्षी

@कोल्हापुरी_सेंटर, सागवान ओलीला खरंच चांगलं टिकतं, पण मेपलपेक्षा मऊ आहे आणि अंगात तेल असतं. बुटांच्या माराने खळगे पडतात, आणि तेलामुळे वरचं पॉलिश धरायला जास्त मेहनत लागते. शिवाय रंग गडद, रेषा दबतात. दारं-खिडक्या आणि होड्यांसाठी सागवानाला तोड नाही. कोर्टसाठी मेपल, नाहीतर युरोपात वापरतात तसं बीच नावाच्या झाडाचं लाकूड.

---

नागपाडा_नेट

आमची पिढी नागपाड्यात सिमेंटवर वाढली. मस्तान वायएमसीए, नेबरहूड हाऊस, संध्याकाळी दिवे लागले की गल्लीतली निम्मी पोरं कोर्टवर. तिथून देशासाठी खेळलेली माणसं घडली, त्यामुळे सिमेंटला नावं ठेवणार नाही. पण आमच्यातल्या किती जणांचे गुडघे पस्तिशीतच गेले तेही डोळ्यांसमोर आहे.

२०१९ चा ऑक्टोबर आठवतो. वरळीच्या एनएससीआय डोममध्ये ४ आणि ५ तारखेला सॅक्रामेंटो किंग्ज आणि इंडियाना पेसर्स खेळले, भारतातले एनबीएचे पहिलेच सामने. किंग्जचे मालक विवेक रणदिवे मुंबईत जन्मलेले, त्यामुळे घरी आल्यासारखंच. पहिल्या दिवशी स्टँड शाळकरी मुलांनी भरलेला, आणि सामना ओव्हरटाइममध्ये १३२-१३१ असा पेसर्सने काढला. मी दुसऱ्या दिवशी गेलो होतो. ज्या डोममध्ये यू मुंबाची कबड्डी मॅटवर बघितली, तिथे ते लाकूड अंथरलेलं बघून मी खेळाडूंच्या आधी जमिनीकडेच बघत बसलो. वॉर्म-अपला गर्दी कमी होती तेव्हा बॉलचा आवाज नीट ऐकला. कोर्टच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच आवाज. आपल्या हॉलमध्ये ड्रिबल करत गेलं की दर चार पावलांवर तो बदलतो.

ऑक्टोबरची मुंबई म्हणजे काय ते मुंबईकरांना सांगायला नको. तरी बूट सरकताना दिसला नाही, कारण हॉल आतून व्यवस्थित गार आणि कोरडा होता. सुतारपक्षी म्हणतात ते पटतं. जो हवा सांभाळेल त्याचंच लाकूड टिकेल.

---

फिजिओ_नाशिक

गुडघ्यांचा विषय निघालाच आहे तर थोडं सविस्तर लिहिते.

खेळाच्या जमिनीसाठी युरोपात ईएन १४९०४ हे मानक आहे. त्यात चार गोष्टी बघतात. धक्का किती शोषला जातो (२५ ते ७५ टक्के, काँक्रीटच्या तुलनेत), जमीन किती दबते (५ मिलिमीटरपेक्षा जास्त नको), बॉल किती उसळतो (काँक्रीटवरच्या उसळीच्या निदान ९० टक्के), आणि घर्षण (लोलकाच्या चाचणीत ८० ते ११०). पहिल्या आणि तिसऱ्या गोष्टीची मेळजोड करणं हीच या धंद्यातली खरी कारागिरी आहे. पायाला मऊ हवं आणि बॉलला कडक. रबराचे पॅड जाड केले की उडी मारून उतरणाऱ्याला बरं वाटतं, पण बॉल मरतो. काँक्रीटवर व्हिनाइलचा पातळ थर टाकला की बॉल मस्त उसळतो आणि सगळा धक्का नडगीत जातो. तुमच्या गेल्या वर्षीच्या स्पर्धेनंतर नडगी दुखल्याच्या तक्रारी आल्या असतील बघा.

घर्षणाला वरची मर्यादा का आहे, हे पालक नेहमी विचारतात. जमीन जितकी पकडेल तितकं चांगलं असं वाटतं. तसं नाही. पाय जमिनीला चिकटला आणि शरीर वळलं की तो पीळ गुडघा सोसतो. नॉर्वेतल्या हँडबॉल खेळाडूंवर २००३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात महिला खेळाडूंमध्ये एसीएल (गुडघ्यातला एक अस्थिबंध) फाटण्याचा धोका लाकडी जमिनीपेक्षा कृत्रिम जमिनीवर जास्त आढळला. घर्षण जास्त हे त्यामागचं कारण असावं असं त्यांचं मत होतं. मुलींच्या स्पर्धा घेणाऱ्या प्रत्येकाने हे वाचायला हवं असं मला फार वाटतं. आपल्याकडे बारा-तेरा वर्षांच्या मुली चिकट प्लास्टिकवर दिवसाला दोन-दोन सामने खेळतात.

तेव्हा पुरवठादाराकडे चाचणीचा अहवाल मागा. "इंटरनॅशनल क्वालिटी आहे मॅडम" हे उत्तर मला अनेकदा मिळालंय. अहवाल म्हणजे आकडे.

---

रीबाउंड

फिजिओताई, प्रतिसाद सेव्ह करून ठेवला. आमच्या शाळेच्या सरांना पाठवते.

एक प्रश्न सगळ्यांनाच. एनबीएच्या त्या रंगीत कोर्टांवर खेळाडू घसरत होते ते कशामुळे?

---

मिशिगनकर

@रीबाउंड, २०२३ च्या नोव्हेंबरात एनबीएने हंगामातल्या हंगामात पहिली स्पर्धा घेतली आणि तिच्यासाठी तीसही संघांना संपूर्ण रंगवलेली वेगळी कोर्टं दिली. टोरांटोतल्या सामन्यानंतर बोस्टनचा जेलन ब्राऊन उघड बोलला की कोर्ट घसरडं होतं. डॅलसचं कोर्ट तर वेळेत तयारच झालं नाही.

त्या एका कोर्टचं नेमकं काय बिनसलं हे दुरून सांगणं बरोबर नाही, सर्वसाधारण गोष्ट सांगतो. खेळाडूचा बूट लाकडाला लागतच नाही, तो लागतो वरच्या पॉलियुरेथेनच्या थराला. नव्या कोर्टवर हा थर पुरता पिकायला वेळ लागतो. रंगाचे जास्त थर, त्यावर पॉलिश, आणि वर पॅकिंगची धूळ असली की पहिले काही दिवस पकड कमी असते. पाण्यात बुडवून घट्ट पिळलेल्या रुंद मॉपने पुन्हा पुन्हा पुसणं हाच उपाय. जाहिरातींचे स्टिकर हा आणखी एक त्रास, त्यांची पकड लाकडापेक्षा वेगळी असते.

रंगवणं काही नवीन नाही. मिलवॉकीत १९७७ साली रॉबर्ट इंडियाना या चित्रकाराच्या आराखड्यावरून मेक्का हॉलचं अख्खं कोर्ट रंगवलं होतं, दोन्ही बाजूंना भलेमोठे पिवळे एम. पुढे ते भंगारात जाऊ नये म्हणून चाहत्यांनी धडपड करून वाचवलं. कोर्टवर लोक असं प्रेम करतात.

---

कोल्हापुरी_सेंटर

सगळं वाचलं, आणि थोडा विरोधी सूर लावतो. जिल्ह्याच्या गावात लाकडी कोर्टचा हट्ट नको. हॉलला एसी नाही, साठवायला कोरडी खोली नाही, जोडायला सराव असलेली माणसं नाहीत. वर्षातून चार दिवसांच्या स्पर्धेसाठी एवढा पैसा लाकडात घातला तर त्या पैशातून दोन शाळांची बाहेरची कोर्टं नीट होतील, ॲक्रिलिकचा थर, नवे बोर्ड, दिवे सगळं. तिथे वर्षभर पोरं खेळतील. थ्री-एक्स-थ्रीच्या (तिघांविरुद्ध तिघांच्या बास्केटबॉलच्या) जागतिक स्पर्धा खटके लावून जोडायच्या प्लास्टिक टाइल्सवर होतात, चौकात, उघड्यावर. पाऊस पडला तर पुसतात आणि खेळतात.

फिबासुद्धा वरच्या दर्जाच्या स्पर्धांना सहसा लाकूड मागते, खालच्या पातळीवर सिंथेटिक चालतं. मग आपण कशाला वरच्या पातळीचा आव आणायचा?

---

चौथा_क्वार्टर

@कोल्हापुरी_सेंटर, तुमचा मुद्दा मी समितीत मांडणार आहे आणि तुमच्या बाजूने मांडणार आहे. दोन शाळांची कोर्टं हा हिशोब मला पटतो.

पण एका बाबतीत मी ठाम आहे. आमच्याकडची मुलं राज्य आणि राष्ट्रीय स्पर्धेला जातात तेव्हा पहिल्यांदा लाकडावर पाय ठेवतात. पहिल्या सामन्यात थांबायचं कुठे ते कळत नाही, बॉल किती उसळेल ते कळत नाही, आणि पुण्या-मुंबईच्या हॉलमध्ये वाढलेली मुलं तेवढ्या वेळात वीस गुणांनी पुढे जातात. वर्षातून चार दिवस का होईना, त्यांना ती जमीन पायाखाली मिळायला हवी. तो माझ्या मते आव नाही, त्यांचा हक्क आहे.

---

मांडवीकाठ

गोव्यातून लिहितोय. इथे लुसोफोनिया खेळांच्या (पोर्तुगीजभाषक देशांची स्पर्धा, २०१४) निमित्ताने आणि नंतर २०२३ च्या राष्ट्रीय खेळांसाठी इनडोअर स्टेडियम वापरात आली. खारी हवा आणि चार महिने पाऊस, त्यामुळे लाकूड सांभाळणाऱ्यांची कसोटी असते. मी हॉलच्या देखभालीतच आहे, म्हणून दोनच गोष्टी सांगतो.

एसी सामन्याच्या तासभर आधी लावला तर उलटा त्रास होतो. लाकूड गार पडतं आणि दारं उघडून प्रेक्षक आत आले की बाहेरची दमट हवा त्यावर बसते. लावायचा तर आदल्या दिवसापासून सलग, नाहीतर पंखे आणि उघड्या खिडक्यांवर ठाम राहा. मधलं काही करू नका.

आणि प्रवेशावर एक माणूस फक्त पायपुसण्यांसाठी बसवा. कोर्टचा शत्रू नंबर एक म्हणजे बुटातली बारीक वाळू.

---

नागपाडा_नेट

काचेच्या कोर्टबद्दल कोणी लिहिलं नाही. जर्मन कंपनीचं, खाली एलईडी, रेषा हव्या तशा बदलतात. २०२३ ला माद्रिदमध्ये एकोणीस वर्षांखालच्या मुलींच्या विश्वचषकात वापरलं, आणि २०२४ च्या एनबीए ऑल-स्टारला इंडियानापोलिसमध्ये शनिवारी. बॅडमिंटनची रेष हवी तर बॅडमिंटनची, बास्केटबॉलची हवी तर ती. बहुउद्देशीय हॉलसाठी कल्पना उत्तम. आपल्या खिशाला अजून बराच काळ लागेल.

---

चौथा_क्वार्टर

काल समितीची बैठक झाली. या धाग्यातले प्रतिसाद छापून नेले होते, ते सगळ्यांनी वाचले.

ठरलं ते असं. विकत घ्यायचं नाही, भाड्याने आणायचं. त्याआधी कोबा मोजायचा, खड्डे भरायचे, खुंट्या कापायच्या; पालिकेच्या अभियंत्यांनी त्याला होकार दिलाय. पुरवठादाराकडून चाचणीचा अहवाल आल्याशिवाय आगाऊ रक्कम नाही. माल स्पर्धेच्या आठवडाभर आधी हॉलमध्ये येणार. त्यासाठी एक लग्न बाजूच्या लॉनवर हलवायला त्या कुटुंबाने आनंदाने मान्यता दिली, त्यांची मुलगी आमच्याकडेच खेळायची. उरलेल्या पैशातून एका शाळेचं बाहेरचं कोर्ट यंदा, दुसरं पुढच्या वर्षी. कोल्हापुरी, हे तुमच्यामुळे.

---

कोल्हापुरी_सेंटर

फार बरं वाटलं. स्पर्धेला नक्की येणार, संघ घेऊन.

---

मिशिगनकर

अभिनंदन! जोडणीच्या रात्री व्हिडिओ कॉल करा, तुमच्या रात्री इकडे दिवस असतो. आणि पॅनल उतरवताना क्रम बघून उतरवा, गाडीत जे शेवटी भरलंय ते आधी बाहेर येतं. भरतानाच मधली रांग शेवटी चढवायला सांगा.

---

सुतारपक्षी

एक राहिलं. हॉलचा मागचा दरवाजा किती रुंद आहे? पॅनल ४ बाय ८ ची, गाडीवर आडवी रचलेली, म्हणजे गाडीच चार फुटांच्या वर. जुन्या हॉलमध्ये एक झडप कायमची बंद असते आणि समोर पायऱ्या असतात. उद्याच टेप घेऊन जा, बिजागऱ्यांसकट मोजा, आणि रॅम्प लागत असेल तर मला कळवा. माझ्याकडे लोखंडी आहे, तसाच पाठवतो.